मेगाइसोफॅगस (कुत्रा)

मेगाइसोफॅगस हा मुख्यतः कुत्र्यांमध्ये आढळणारा अन्ननलिकेचा विकार आहे. यात अन्ननलिका शिथिल होऊन फुगते व तिचे क्रमसंकोच मंदावतात, त्यामुळे गिळलेले अन्न जठरात न पोहोचता वाटेतच साचते. मांजरांमध्ये हा विकार क्वचित आढळतो.

साचलेले अन्न काही वेळाने तोंडावाटे परत येते. पाळणारे बहुधा यालाच ओकारी समजतात. वास्तविक ओकारीपूर्वी मळमळ होते, लाळ गळते आणि पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. येथे मात्र कुत्रा केवळ मान खाली घालतो आणि न पचलेले, कधी नळीच्या आकाराचे अन्न बाहेर पडते. हा भेद लक्षात न आल्यास निदान लांबते. दरम्यान अन्नकण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. या रोगातील मृत्यूचे ते प्रमुख कारण आहे.

जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, आयरिश सेटर इत्यादी जातींत हा विकार जन्मजात असू शकतो. अशा पिल्लांत दूध सुटून घन आहार सुरू झाला की लक्षणे दिसू लागतात. कुत्र्याची अन्ननलिका पूर्णपणे रेखित स्नायूंची असते. म्हणून अशा स्नायूंना दुर्बल करणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार प्रौढ कुत्र्यांत या विकाराचे एक महत्त्वाचे कारण ठरतो. अनेकदा कारण सापडतच नाही.

निदान छातीच्या क्ष-किरण चित्रावरून होते. मूळ आजारावर उपचार शक्य नसल्यास आहारपद्धतीवरच भिस्त असते. कुत्र्याला उभ्या स्थितीत खाऊ घालून नंतरही काही वेळ तसेच ठेवतात, म्हणजे अन्न गुरुत्वाकर्षणाने जठरात उतरते. त्यासाठीच्या खास खुर्चीला ‘बेली चेअर’ म्हणतात.