अर्ध्या सुताचा हिशेब

करी रोड स्टेशनजवळच्या गल्लीत आमचं सायकलचं दुकान आहे. वडिलांनी ते गिरण्यांच्या संपानंतर टाकलं. त्याआधी ते गिरणीत फिटर होते, त्यामुळे दुकानात रॉकेलचा ट्रे, पोलादी फूटपट्टी आणि शिस्त, तिन्ही गिरणीतलीच आली. शिस्त एका वाक्याची: स्वस्त भाग वेळेवर बदला, महाग भाग वाचतो.

तसं पाहिलं तर सायकलची चेनही गिरणीच्याच घरची. हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाने १८७९ साली मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये एक छोटा कारखाना विकत घेतला. तिथे कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनत. पुढच्याच वर्षी त्याने पिन आणि रोलर यांच्यामध्ये बुश बसवून पेटंट घेतलं. पूर्वी सगळा भार पातळ पट्ट्यांच्या कडांवर यायचा, आता तो बुशच्या पूर्ण लांबीवर पसरला आणि चेन टिकू लागली. १८८५ साली स्टार्लीची रोव्हर सायकल आली. तिचं मागचं चाक चेनवरच फिरत होतं.

गिरणगावात मात्र कामगार बहुतेक पायीच जात. भोंगा झाला की चाळीतून निघायचं नि पाळीला हजर व्हायचं, एवढंच अंतर. सायकल असायची दूधवाल्याकडे, पाववाल्याकडे, डबेवाल्याकडे. म्हणजे ज्यांचं पोट चाकावर, त्यांच्याकडे. वरळीला हिंद सायकल्सचा कारखानाही होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि ज्याच्या हातात जे कसब होतं त्यावर तो जगू लागला. वडिलांच्या हातात पाना होता.

त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते चेन मोजायला. गिऱ्हाईक म्हणतं, चेन ताणून लांब झाली. पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतली पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येते आणि तिची बेरीज होते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणून चोवीस कड्यांना बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध धरायचा आणि पंचविसावी पिन बघायची. बाराच्या पुढे अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, गेली की चेन बदलायची. एक सूत गेली तर फ्रीव्हीलचे दातही खाल्ले गेले असं समजायचं. अशा दातांवर नवी चेन चढवली, तर पायडलवर जोर देताच ती उडी मारते.

तेलाचंही तसंच. चेन रॉकेलमध्ये भिजवायची, ब्रशने घासायची, पूर्ण वाळवायची. मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं आणि बाहेरचं तेल फडक्याने पुसून काढायचं. तेल हवं असतं ते आत. बाहेर राहिलं तर धूळ धरतं आणि तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. पावसाळ्यात परळ-हिंदमाताच्या पाण्यातून आलेली सायकल तशीच उभी ठेवली, तर सकाळी चेन लाल झालेली असते.

वडिलांची शिस्त खुद्द गिरण्यांनी पाळली नाही. कित्येक मालकांनी जुनाट साचे, म्हणजे माग, तसेच ओढले आणि नफा दुसऱ्या धंद्यांत वळवला. संपाने घाव घातला हे खरं, पण सांधे आधीच झिजले होते. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला. १९९१ च्या नियमांनी जमिनी विकायची वाट मोकळी केली, आणि लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागी टॉवर उभे राहिले.

आता त्या टॉवरांमधून माझ्याकडे माउंटन बाइक येतात. मागे बारा-बारा चक्रांची कॅसेट, चेन पातळ, आणि ती कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग. चेन मोजायला आता गेज मिळतं. अकरा-बारा गिअरच्या चेनला त्यावर अर्धा टक्का ही हद्द. फूटपट्टीवर हिशेब केला तर तेही अर्धा सूतच भरतं. तरी मालक म्हणतो, "अजून चालतेय की!" चालतेय म्हणून चालवायचं, हे धोरण या भागाने एकदा भोगलंय. मी अर्ध्या सुताला चेन बदला म्हणून सांगतो. नको म्हणाला, तर बिलावर तसं लिहून सही घेतो.