आपोआप थांबलेल्या इंजिनाचा नियम : भाष्य

जहाजाचे मोठे डिझेल इंजिन संरक्षण-यंत्रणेने थांबवले, तर ते पुन्हा कसे सुरू करावे याच्या सूचना इंजिनरूममध्ये असतात. जहाजागणिक शब्द बदलतात, आशय बदलत नाही. तो आशय मी माझ्या शब्दांत पाच सूत्रांत मांडतो आणि एकेका सूत्राचा अर्थ लावतो. विद्यार्थ्या, सूत्रे तुला पाठ असतील तर उत्तमच. पण प्रत्येक शब्दाने कोणते संकट अडवून धरले आहे, हे कळल्यावरच ती तुझी होतील.

सूत्र १. आपोआप थांबलेले इंजिन, कारण शोधून ते दूर केल्यावाचून, पुन्हा सुरू करू नये.

'आपोआप थांबलेले' म्हणजे यंत्रणेने इंधन तोडून थांबवलेले. टाकी रिकामी झाल्याने बंद पडलेले इंजिन यात येत नाही. यंत्रणा इंधन तोडते ते मोजक्या प्रसंगी : वंगण तेलाचा दाब पडला, वेग मर्यादेबाहेर गेला, थ्रस्ट बेअरिंग तापले, काही इंजिनांत क्रँककेसमध्ये तेलाचे धुके दिसले तरीही. बाकीच्या बहुतेक तक्रारींवर अलार्म वाजतो किंवा वेग कमी केला जातो. याचा अर्थ असा की, शटडाउन झाले म्हणजे आणखी काही मिनिटे, कधी काही सेकंदच, चालू राहिले असते तर इंजिन हातचे गेले असते.

आता 'कारण' हा शब्द. याचे दोन अर्थ संभवतात. पहिला : पॅनेलवर जे नाव उमटले ते. दुसरा : ते नाव ज्यामुळे उमटले ते. पहिला अर्थ घेतला तर 'तेलाचा दाब कमी' हेच कारण ठरते. स्टँडबाय पंप लागला, काटा वर आला, म्हणजे कारण गेले. पण मग सूत्रातला 'शोधून' हा शब्द व्यर्थ होतो. पॅनेलवर लिहिलेले कोणी शोधत नाही, ते वाचतात. सूत्रात शब्द व्यर्थ मानायचा नसतो. म्हणून दुसराच अर्थ ग्राह्य.

उदाहरण घे. २३ मार्च २०१९ रोजी 'वायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज नॉर्वेच्या हुस्टाडविका या खडकाळ पट्ट्यात वादळात सापडले. जहाजावर १,३७३ माणसे होती. चालू असलेली जनरेटर इंजिने वंगण तेलाचा दाब पडून थांबली, वीज गेली, आणि जहाज खडकांकडे वाहू लागले. पॅनेलची भाषा होती 'दाब कमी'. पंप बिघडला नव्हता. सम्पमधले तेल जेवढे हवे त्याहून कमी होते. जहाज हेलकावे खाऊ लागले तसे तेल एका बाजूला धावले आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली. हे कारण. इथे एक बारकावा आहे, तो नीट धर. जहाज क्षणभर सरळ झाले की तेल परत तोंडाशी येते आणि काटा निरोगी दिसतो. याचा अर्थ, थांबल्यानंतरचा चांगला आकडा निर्दोषपणाचा पुरावा नसतो. दोष फक्त दडलेला असतो.

'दूर केल्यावाचून'. इथे 'दूर झाल्यावाचून' असे म्हटलेले नाही. 'होणे' आपोआप घडते. 'करणे' याला कर्ता लागतो. याचा अर्थ, कोणी काय केले हे सांगता आले पाहिजे : गाळणी बदलली, तेल भरले, सेन्सरची तुटलेली तार जोडली. सेन्सरच खोटे बोलला असेल, हेही कारण होऊ शकते. पण तो खोटा आहे हे दुसऱ्या गेजने सिद्ध करावे लागते. आधी सेन्सरवर संशय घेण्याची सवय मला घातक वाटते.

शंका : समोर खडक असेल तर कारण शोधत बसायचे का? उत्तर : नाही. इंजिनापेक्षा जहाज मोठे, जहाजापेक्षा माणसे मोठी. काही शटडाउन बाजूला सारण्याची सोय म्हणूनच दिलेली असते. तो निर्णय कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर यांचा असतो, आणि तो घेताना इंजिन गमावण्याची तयारी ठेवलेली असते. पण ही सोय अतिवेगाच्या शटडाउनला नसते. कारण उधळलेले इंजिन जहाज वाचवत नाही. ते आधी शेजारच्या माणसांना मारते.

सूत्र २. थांबल्यावर तेल-पाणी फिरते ठेवावे. इंजिन गरम असेतो क्रँककेस उघडू नये.

'फिरते ठेवावे' म्हणजे पंप बंद करू नयेत. इंजिन थांबले तरी पिस्टनमधली उष्णता थांबत नाही. ती बेअरिंगकडे आणि लायनरकडे पसरत राहते. 'फिरते' म्हणजे 'थंड' असे मात्र वाचू नकोस. पाणी कमी पडून तापलेल्या जॅकेटमध्ये एकदम गार पाणी सोडले तर लायनर तडकतो. त्याला सावकाश निवू द्यावे.

'क्रँककेस उघडू नये' हा या नियमाचा प्राण आहे. तापलेल्या बेअरिंगवर किंवा पिस्टनवर पडलेल्या तेलाची वाफ होते. ती आजूबाजूच्या गार हवेत निवते आणि तिचे बारीक धुके होते. हे धुके पुरेशा हवेत मिसळले आणि जवळच तापलेला भाग असला, की स्फोट होतो. ११ सप्टेंबर १९४७ रोजी 'रेना देल पॅसिफिको' या जहाजाच्या चाचणीफेरीत उत्तर आयर्लंडजवळ असेच झाले. एक पिस्टन अति तापला. चारही इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट झाले आणि २८ माणसे गेली.

दार उघडणे म्हणजे त्या धुक्याला हवा देणे. ज्या धुक्यात हवा कमी म्हणून ते पेटत नव्हते, ते दार उघडताच पेटण्याजोगे होते. 'गरम असेतो' म्हणजे किती वेळ? निर्मात्याच्या पुस्तकात जेवढा दिला असेल तेवढा. साधारणपणे २० ते ३० मिनिटांच्या खाली कोणी जात नाही. धुक्याचाच अलार्म असेल तर रिलीफ व्हॉल्व्हच्या समोरून आधी दूर हो. आत पाहायला जाताना इंजिन सुरू करणाऱ्या दाबलेल्या हवेची वाट बंद आणि टर्निंग गिअर लावलेला असला पाहिजे.

सूत्र ३. इंडिकेटर कॉक उघडून, टर्निंग गिअरने पूर्ण फेरा द्यावा.

'पूर्ण फेरा' म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकदा होईल इतका. टू-स्ट्रोकमध्ये ते क्रँकच्या एका फेऱ्यात होते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन लागतात. फोर-स्ट्रोकवर काम करणाऱ्याने एका फेऱ्यावर थांबू नये. काही सिलिंडर तपासायचेच राहतील. कॉक उघडा का? फुटलेल्या जॅकेटमधून किंवा कूलरमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तर ते इथून बाहेर यावे म्हणून. पाणी दाबले जात नाही. कॉक बंद ठेवून हवेने ढकलले, तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड. फिरवताना टर्निंग मोटरच्या अँपिअरकडे नजर ठेव. काटा एका ठिकाणी चढला, तर आत काहीतरी अडते आहे.

सूत्र ४. लीव्हर 'स्टॉप'वर आणून रीसेट करावे.

अर्थ सरळ आहे. रीसेट म्हणजे यंत्रणेने लावलेली कडी काढणे. लीव्हर चालण्याच्या जागी ठेवून ती काढली, तर इंजिन तुझी परवानगी न विचारता सुटेल, म्हणून आधी 'स्टॉप'.

सूत्र ५. ब्रिजला कळवून, आधी हवेने फुंकावे, मग इंधनावर घ्यावे. कमी वेगात चालवून तपासावे.

'कळवून' म्हणजे होकार ऐकून. हवेने फिरवताच पंखा फिरतो, जहाज हलते. त्याआधी टर्निंग गिअर काढला आहे याची खात्री हवी. तो लागलेला असताना हवा रोखणारा इंटरलॉक असतो, पण त्याच्यावर विसंबू नकोस. 'फुंकावे' म्हणजे इंधन न देता, कॉक उघडे ठेवून, हवेने थोडे फिरवावे. कॉकमधून काय उडते ते पाहावे, मग कॉक बंद करावेत. हवा साधारण ३० बारची असते आणि मोजून ठेवलेली असते : उलट फिरू शकणाऱ्या मुख्य इंजिनासाठी, बाटल्या पुन्हा न भरता, १२ वेळा सुरू करता येईल इतकी. दोनदा इंजिन पकडले नाही, तर तिसरी हवा देण्याआधी सूत्र १ कडे परत जा.

'तपासावे' म्हणजे कान, हात आणि आकडे, तिन्ही. तेलाचा दाब, बेअरिंगचे तापमान, क्रँककेसच्या दारांवर हाताच्या पाठीने शेजारच्या दाराशी तुलना. 'कमी वेगात' किती वेळ, हे सूत्र सांगत नाही. माझ्या मते तापमाने वाढायची थांबून स्थिर होईपर्यंत.

नंतर लॉगबुक लिही : वेळ, काय उमटले, काय सापडले, काय केले. कारण सापडले नसेल तर तसे स्पष्ट लिही, म्हणजे पुढचा ड्यूटी इंजिनिअर जागा राहील. कारणाच्या रकान्यात अलार्मचे नाव मात्र लिहू नकोस.