सेट व्हायला किती वेळ लागतो?

मागच्या आठवड्यात हापिसात जेवणाच्या टेबलावर चांगलाच वाद रंगला. विषय नेहमीचाच, फुटबॉल. एका बड्या क्लबाने पोत्याने पैसे ओतून आणलेल्या आघाडीवीराला पहिल्या सहा सामन्यांत एकही गोल करता आला नव्हता. टीममधला सगळ्यात तरुण गडी म्हणाला, "गेले पैसे पाण्यात." दुसऱ्याने लगेच बाजू घेतली, "अरे नवा देश, नवी लीग, नवी भाषा. सेट व्हायला थोडा वेळ देशील की नाही?"

एरवी मी या दुसऱ्या बाजूने तावातावाने भांडतो. त्या दिवशी मात्र डबा संपवून गप्प उठलो. त्याचं कारण शेवटी सांगतो. पण डोक्यात किडा वळवळत राहिला आणि शनिवारची सकाळ त्यातच गेली. चहाचे तीन कप झाले.

वेळ द्या म्हणणाऱ्यांची दोन आवडती उदाहरणं असतात, आणि दोन्ही आर्सेनलची. डेनिस बर्गकॅम्प १९९५ मध्ये इंटर मिलानहून ७५ लाख पौंडांना आला. पहिल्या सात सामन्यांत गोल नाही. मग २३ सप्टेंबरला साउदॅम्प्टनविरुद्ध दोन मारले आणि पुढची अकरा वर्षं तिथेच राज्य केलं. चार वर्षांनी थिएरी हेन्री युव्हेंटसहून आला. त्याचीही सुरुवात कोरडी. पहिला गोल १८ सप्टेंबर १९९९ रोजी, राखीव म्हणून मैदानात उतरून, आणि गंमत म्हणजे पुन्हा साउदॅम्प्टनविरुद्धच! त्या हंगामात त्याने एकूण २६ गोल केले आणि आर्सेनलसाठी एकूण २२८, जो क्लबाचा विक्रम आहे.

झालं, सिद्ध झालं? नाही ना. हे म्हणजे पास झालेल्या टेस्ट केसेसच तेवढ्या रिपोर्टमध्ये दाखवण्यासारखं आहे. हुआन सेबास्टियन वेरॉनला मँचेस्टर युनायटेडने २००१ मध्ये २.८ कोटी पौंडांना घेतलं. दोन हंगाम दिले, पण घडी बसली नाही. आंद्रेई शेवचेन्को २००६ मध्ये चेल्सीत आला तेव्हा युरोपातल्या सर्वोत्तम आघाडीवीरांत गणला जायचा. त्यालाही वेळ मिळाला आणि लीगमध्ये हाती लागले एकूण ९ गोल. उलट युर्गेन क्लिन्समनने ऑगस्ट १९९४ मध्ये टॉटनहॅमसाठी पहिल्याच सामन्यात गोल केला. ब्राझीलच्या रोनाल्डोने १९९६-९७ च्या एकाच हंगामात बार्सिलोनासाठी ४७ गोल केले आणि लगेच पुढच्या क्लबात निघूनही गेला. म्हणजे कुणाला वेळ दिला आणि उपयोग झाला, कुणाला दिला आणि झाला नाही, आणि कुणाला लागलाच नाही. डेटा दोन्हीकडे बोट दाखवतो.

आपल्याला हवा असतो एक प्रयोग. एकाच वेळी, एकाच देशात, जवळपास सारख्याच परिस्थितीत काही परदेशी खेळाडू सोडायचे आणि काय होतं ते बघायचं. इतिहासात असे प्रयोग सहसा मिळत नाहीत. इथे मात्र एक मिळतो. तो म्हणजे इंग्लंड, साल १९७८.

थोडी पार्श्वभूमी. १९३० साली आर्सेनलने रुडी हायडन नावाच्या ऑस्ट्रियन गोलरक्षकाला आणायचा प्रयत्न केला, त्यावरून गदारोळ झाला आणि १९३१ मध्ये नियम आला: परदेशी खेळाडूला आधी दोन वर्षं इंग्लंडमध्ये राहावं लागेल. म्हणजे व्यवहारात दार बंदच. ते जवळजवळ ४७ वर्षं बंद राहिलं. शेवटी युरोपीय समुदायाने १९७८ मध्ये बजावलं की राष्ट्रीयत्वावरून खेळाडूला अडवता येणार नाही, आणि त्या उन्हाळ्यात फुटबॉल लीगने दार उघडलं. आता विचार करा. ज्या लीगमध्ये स्कॉटिश, वेल्श आणि आयरिश सोडून जवळपास कुणी बाहेरचं नव्हतं, तिथे नव्या माणसाला 'सेट' कसं करायचं याचा अनुभव कुणाच्याच गाठीशी नव्हता.

त्याच सुमाराला, २५ जून १९७८ ला, अर्जेंटिनाने वर्ल्ड कप जिंकला. टॉटनहॅमचे मॅनेजर कीथ बर्किनशॉ विमान पकडून ब्युनॉस आयर्सला पोचले, ओस्वाल्डो आर्दिलेसला घ्यायला. आर्दिलेसने विचारलं, माझा मित्र रिकी विया (स्पेलिंगप्रमाणे वाचाल तर 'व्हिला') पण आला तर? बर्किनशॉंनी दोघांनाही घेतलं, दोघांचे मिळून सुमारे ७ लाख पौंड. आणि टॉटनहॅम तरी कोण? नुकताच दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला संघ.

१९ ऑगस्टला पहिला सामना नॉटिंगहॅम फॉरेस्टशी, म्हणजे त्या वेळच्या लीग विजेत्यांशी, त्यांच्याच मैदानावर. १-१, आणि वियाचा गोल. पेपरवाले खूश. मग घरच्या मैदानावर पहिला सामना आला. लोकांनी अर्जेंटिना स्टाइलने कागदाचे कपटे उधळून स्वागत केलं आणि अॅस्टन व्हिलाने ४-१ ने धुतलं. पुढे लीग कपमध्ये तिसऱ्या डिव्हिजनमधल्या स्वॉन्झीविरुद्ध टॉमी स्मिथने आर्दिलेसला असा काही टॅकल घातला की इंग्लिश फुटबॉल म्हणजे काय ते एका क्षणात कळावं. आणि २ सप्टेंबरला लिव्हरपूलने टॉटनहॅमला हरवलं, ७-० ने!

दोन आठवड्यांत हीरोचे झीरो. आज असं झालं असतं तर लोकांनी दोघांना परतीच्या विमानात बसवलं असतं. बर्किनशॉंनी तसं केलं नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ते नुसते वाट बघत बसले नाहीत. मध्यफळीत तरुण ग्लेन हॉडल होता, ज्याला चेंडू जमिनीवरून खेळवायला आवडायचं. कप्तान स्टीव्ह पेरीमन अनुभवी होता. १९८० मध्ये पुढे खेळायला स्टीव्ह आर्चिबाल्ड आणि गार्थ क्रूक्स आणले. आर्दिलेसचे पास पोचायला माणसं हवीत ना! हळूहळू संघ असा झाला की ज्यात आर्दिलेस हा पाहुणा वाटेना. लीगमधला क्रमांक पहिल्या हंगामात ११, दुसऱ्यात १४ आणि तिसऱ्यात १०. म्हणजे आलेखात बघाल तर काहीच घडलेलं दिसत नाही.

आणि मग तिसऱ्या हंगामाच्या शेवटी, मे १९८१, एफए कपची फायनल, वेंब्ली. समोर मँचेस्टर सिटी. ९ मे च्या सामन्यात विया इतका वाईट खेळला की त्याला बाहेर काढलं. तो रडत रडत थेट ड्रेसिंग रूमकडे चालता झाला. सामना १-१ बरोबरीत सुटला. पाच दिवसांनी फेरसामना. बर्किनशॉंनी वियाला पुन्हा पहिल्या अकरात ठेवलं. त्याने आठव्या मिनिटाला गोल केला. पुढे २-२ असताना सिटीच्या बचावपटूंमधून वाट काढत, एकाला चकवून, दुसऱ्याला चकवून, पुन्हा आत वळून त्याने जो दुसरा गोल केला तो आजही लोक काढून काढून बघतात. ३-२. कप टॉटनहॅमचा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बघा, वेळ दिला, फळ मिळालं. थांबा. प्रयोगातले बाकीचे नमुने बघायचे राहिलेत.

त्याच वर्षी, त्याच वर्ल्ड कप विजेत्या संघातला डावा बचावपटू अल्बर्टो तारांतिनी बर्मिंगहॅम सिटीत आला. फायनल खेळलेला माणूस. तो २३ लीग सामने खेळला. क्लब तळाला गाळात रुतलेला आणि प्रेक्षक चिडलेले. एकदा तर तो हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर धावून गेला. हंगामाअखेर बर्मिंगहॅम खाली घसरला आणि तारांतिनी मायदेशी परत गेला. त्याच उन्हाळ्यात अलेहांद्रो साबेया शेफील्ड युनायटेडमध्ये आला. तो स्वतः छान रुळला, लोकांचा लाडकाही झाला, पण संघ तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला. (पुढे याच साबेयाने कोच म्हणून अर्जेंटिनाला २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलपर्यंत नेलं.)

आणि माझा सगळ्यात आवडता नमुना, आर्नोल्ड म्यूरेन. हा डच मध्यफळीतला खेळाडू ऑगस्ट १९७८ मध्ये दीड लाख पौंडांना इप्सविचला आला. पहिला सामना लिव्हरपूलशी, ०-३. पण स्कोअरपेक्षा वेगळीच अडचण होती. इप्सविचचे बचावपटू अस्सल इंग्लिश पद्धतीने चेंडू उंच पुढे भिरकावायचे. तो म्यूरेनच्या डोक्यावरून जायचा आणि बिचारा मान वर करून आभाळात बघत बसायचा. आता याला तुम्ही सहा महिने द्या नाहीतर सहा वर्षं. चेंडू डोक्यावरूनच जाणार असेल तर त्याने सेट होऊन करायचं काय?

मॅनेजर बॉबी रॉब्सन यांनी म्यूरेनला उड्या मारायला शिकवलं नाही. त्यांनी संघाची पद्धत बदलली. मागून चेंडू म्यूरेनच्या पायात द्यायचा आणि तिथून खेळ सुरू करायचा. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याच्याच जुन्या क्लबातून, ट्वेंटेहून, फ्रान्स थायसेन आला. आता आपल्या भाषेत बोलणारा आणि आपल्यासारखाच खेळणारा एक जण सोबतीला झाला. १९८०-८१ मध्ये इप्सविच लीगमध्ये दुसरा आला आणि यूएफा कप जिंकला. त्या फायनलच्या दोन्ही सामन्यांत थायसेनचे गोल होते आणि इंग्लंडमधल्या फुटबॉल पत्रकारांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलं तेही थायसेनलाच.

मला तर आता असं वाटायला लागलंय की "त्याला वेळ द्या" हे वाक्यच अर्धवट आहे. वेळ ही नुसती रिकामी जागा आहे. त्या वेळात कोण काय करतं यावर सगळं ठरतं. वियाकडे आर्दिलेस होता, आर्दिलेसकडे विया. म्यूरेनसाठी मॅनेजरने पद्धत बदलली. तारांतिनी मात्र बुडत्या बोटीत एकटाच होता. हेन्रीचंही तसंच बघा. युव्हेंटसमध्ये तो कडेने खेळायचा. आर्सेन वेंगर त्याला मोनॅकोपासून ओळखत होते. त्यांनी त्याला मधे, गोलसमोर आणलं. नुसते आठ सामने थांबून तो बदलला नाही.

आणि सेट झालेला माणूससुद्धा उखडला जातो. एप्रिल १९८२ मध्ये फॉकलंडवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात युद्ध पेटलं. आर्दिलेसचा एक चुलतभाऊ, अर्जेंटिनाच्या हवाई दलातला वैमानिक, त्यात मारला गेला. त्या वर्षीची एफए कप फायनल विया खेळला नाही. आर्दिलेस कर्जाऊ म्हणून पॅरिसला गेला आणि तिथे अजिबात जमलं नाही. पाय तेच, डोकं तेच, वर्ल्ड कप विजेता माणूस तोच. काही महिन्यांत तो टॉटनहॅमला परत आला आणि १९८८ पर्यंत तिथलाच राहिला. ज्या देशाशी आपल्या देशाचं युद्ध झालं तिथे परत जाणं त्याला पॅरिसमध्ये राहण्यापेक्षा सोपं वाटलं, यातच सेट होणं म्हणजे काय ते आलं.

आता माझ्या गप्प बसण्याचं कारण.

काही वर्षांपूर्वी मी नुकताच टीम लीड झालो होतो. आमच्याकडे एक मुलगा आला, जालन्याकडचा. आधीच्या कंपनीत त्याचं नाव होतं, म्हणून भरपूर पगार देऊन घेतला. आमचा कोड दहा वर्षं जुना. कुठे काय आहे ते चार जणांच्या डोक्यात, कागदावर काही नाही. ते चौघे टेबलावर बसून फटाफट इंग्रजीत बोलायचे, आपसातले विनोद करायचे आणि निर्णय तिथेच व्हायचे. तो मीटिंगला यायचा तेव्हा सगळं आधीच ठरलेलं असायचं. चेंडू डोक्यावरून. तीन महिन्यांनी फॉर्म आला. मी त्यावर लिहिलं, "पुरेसा वेळ देऊनही टीममध्ये रुळला नाही." प्रोबेशन वाढवलं नाही आणि तो गेला. जाताना मला म्हणाला, "सर, काही चुकलं असेल तर माफ करा." मी म्हणालो, "अरे नाही रे, फक्त फिट बसलं नाही."

त्या फॉर्मवर त्याने काय केलं याचे अकरा रकाने होते. आम्ही काय केलं याचा एकही नव्हता. मलाही तेव्हा तसं काही विचारावंसं वाटलं नाही. कदाचित दोन वर्षं देऊनही त्याचं जमलं नसतं, सगळेच काही आर्दिलेस नसतात. पण ते मला कधीच कळणार नाही, कारण मी प्रयोगच केला नाही. मी फक्त कॅलेंडर बघितलं.

असो. येत्या सोमवारी एक नवीन मुलगी जॉइन होतेय. कोडचा नकाशा काल रात्री कागदावर काढायला घेतला, अर्धा झालाय. आणि त्या चौघांना निरोप धाडलाय की सोमवारपासून जेवणाच्या टेबलावर काहीही ठरवायचं नाही, जे ठरवायचं ते मीटिंगमध्ये, तिच्यासमोर. एकाने लगेच विचारलं, "तिच्यासाठी आपण का बदलायचं?"

उत्तर म्हणून त्याला म्यूरेनची गोष्ट सांगणार आहे. आता उरलेला नकाशा पुरा करतो.