गॅस्ट्रिनची कुळकथा

पहूर-जामनेरकडे कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि वर ठेचा असं जेवण झालं, की रात्री छातीत जळजळ होते आणि दोष सगळा मिरचीच्या माथी जातो. मिरची झोंबते हे खरं. पण जेवण पोटात पडल्यावर जठराला आम्ल सोडायला लावतात ती मुख्यतः प्रथिनं. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, शेवेत बेसन. या प्रथिनांचे तुकडे पडले की त्यातली अमिनो आम्लं, विशेषतः फिनाइलॲलनिन आणि ट्रिप्टोफॅन, जठराच्या खालच्या टोकाला असलेल्या जी-पेशींना चेतवतात. या पेशी रक्तात गॅस्ट्रिन सोडतात. ते रक्तातून फिरून जठराच्याच वरच्या भागात पोचतं आणि तिथे आम्ल झरू लागतं.

या गॅस्ट्रिनला मान्यता मिळायला जवळपास साठ वर्षं लागली. १९०५ साली लंडनमध्ये जॉन एडकिन्स यांनी जठराच्या खालच्या टोकाच्या अस्तराचा अर्क काढून मांजराच्या शिरेत टोचला. आम्ल सुटलं. वरच्या भागाचा अर्क टोचला, तर सुटलं नाही. इतका स्वच्छ प्रयोग! पण पुढे हिस्टामिननंही आम्ल सुटतं हे कळलं, आणि हिस्टामिन तर शरीरात जागोजागी असतं. एडकिन्सच्या अर्कात तेच असणार, असं म्हणून जाणकारांनी गॅस्ट्रिन निकालात काढलं. १९३८ मध्ये सायमन कोमारॉव्ह यांनी हिस्टामिन काढून टाकलेल्या अर्कानंही आम्ल सुटतं हे दाखवलं. १९४० मध्ये एडकिन्स वारले. शुद्ध गॅस्ट्रिन हाती आलं ते १९६४ साली, लिव्हरपूलच्या रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी ते डुकरांच्या जठरातून वेगळं काढलं तेव्हा.

हे गॅस्ट्रिन निघालं सतरा अमिनो आम्लांची साखळी. तिचा सगळा जोर शेवटच्या चारांत, आणि त्या चारांत ट्रिप्टोफॅन व फिनाइलॲलनिन दोन्ही आहेत! मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. शंकेखोरही पुरते चुकले नव्हते: गॅस्ट्रिन आपलं बरंचसं काम हिस्टामिनकरवीच करून घेतं.

आता जळजळीवरच्या थंड दुधाबद्दल. दूध घटकाभर आराम देतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही आम्ल वाढवतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४० मिलिलिटर दुधानंही ते वाढलेलं दिसलं. तेव्हा दुधाच्या पेल्यावर भिस्त ठेवू नका. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या, आणि त्रास वरचेवर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.