हापशीचा वायसर आणि घरची तोटी

आज आपण पाण्याच्या इतिहासाबद्दल बोलू. धरणं कुणी बांधली, तलाव कुणी खोदले हे पुस्तकात सापडतं. पण बिघडलेलं पाणी पुन्हा सुरू कुणी केलं, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. आम्ही आज तोच, दुरुस्तीचा इतिहास सांगणार आहोत.

आपलं बोरी अरब अडाण नदीच्या काठचं. नदी आटली की झिरा आणि बाकी दिवस विहीर, हेच जुन्या पिढ्यांचं पाणी. विहिरीची दुरुस्ती सगळ्यांना समजत होती. दोर झिजला की नवा वळायचा, बादली पडली की गळ टाकून काढायची, उन्हाळ्यात गाळ उपसायचा. पण विहीर सगळ्यांची नव्हती, हेही विसरायचं नाही. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाण्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न आधी, पाणी चालू कसं ठेवायचं हा त्याच्या नंतरचा.

नळ आपल्याकडे शहरातून आला. विहार तलावाचं पाणी 1860 साली मुंबईला नळाने मिळू लागलं. त्याच्या थोडं आधी, 1845 साली, इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या एका पितळी ओतकाम कारखान्याने फिरकीच्या तोटीचं पेटंट घेतलं होतं. मूठ फिरवली की आटे खाली जातात आणि खालची मऊ चकती पाण्याचं भोक दाबून बंद करते. ही चकती म्हणजेच वायसर. पुढे चकती चामड्याची जाऊन रबराची झाली, पण फिरकीच्या तोटीची रीत आजही तीच आहे. म्हणून तोटी ठिबकते तेव्हा बहुतेक वेळा तोटी खराब नसते, आतला दोन-पाच रुपयांचा वायसर झिजलेला असतो.

गावखेड्यात मात्र नळाच्या आधी हापशी आली. 1967 च्या सुमारास दुष्काळी भागात युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात बोअर मारणं सुरू झालं. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रातही हे काम वाढलं. बोअरवर बसवलेले पंप बिडाचे होते आणि परदेशातल्या शेतकरी घरांच्या पंपांवरून घेतलेले. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार वेळा दांडा हलवणार. इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खा मोहल्ला रांगेत. सांधे ढिले पडले, बोल्ट निघाले, दांडे मोडले. 1974 च्या पाहणीत दिसलं की चारातले तीन पंप बंद पडलेले होते. पाणी जमिनीत होतं, भोकही पाडलेलं होतं, आणि बाई मात्र पुन्हा डोक्यावर गुंड घेऊन नदीला चालली होती.

यावरचा उपाय आपल्याच महाराष्ट्रात निघाला. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत कारागिरांनी बिडाऐवजी पोलादाचा, एकाच सांध्यावर फिरणारा दांडा बनवला. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली. त्या सोलापुरी पंपावरून पुढे इंडिया मार्क दोन ही हापशी तयार झाली. 1976-77 मध्ये कोइंबतूर भागात तिची चाचणी झाली आणि मग ती देशभर पोचली, परदेशातही गेली. गावोगावी दिसणारी हापशी बहुतेक हीच.

तरी एक अडचण उरली. आतला वायसर बदलायचा तर सगळे पाईप वर ओढावे लागत. त्यासाठी तिकाटणं, साखळी, चार गडी आणि तालुक्याहून येणारी गाडी लागे. गाडी येईपर्यंत आठवडे जात. म्हणून 1980 च्या दशकात मार्क तीन बनवला. त्याचा पाईप रुंद असल्याने पाईप न काढता वरूनच दट्ट्या बाहेर येतो. गावातल्याच माणसाला दुरुस्ती जमावी, हाच त्यामागचा विचार.

ते बायकांना जमलं का? जमलं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात 1990 नंतर महिला समाख्या कार्यक्रमात बायका हापशी दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाना हातात आला तशी अक्षरांचीही गरज वाटू लागली. आपलं काम, आपला हिशेब लिहिण्यासाठी त्या अक्षरं शिकल्या, आणि पुढे स्वतःचं भित्तिपत्रकही काढू लागल्या.

आता घराघरात नळ आले. 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी हे त्याचं माप. पण हापशीचा धडा इथेही लागू पडतो. बसवणं एकदाच होतं, सांभाळणं रोजचं असतं. हिशेब करून पाहू. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी घालवते. महिन्याला जवळपास 130 लिटर. म्हणजे दोन माणसांच्या पूर्ण दिवसाच्या वाट्याहून जास्त.

दुरुस्ती अशी. आधी मागचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर नळ येण्याच्या वेळेआधीच काम उरका. पान्याने तोटीचं डोकं उघडा, जुना वायसर काढा, तो दुकानात दाखवून त्याच मापाचा आणा, बसवा. आट्यातून पाणी झिरपत असेल तर आटे कोरडे पुसून, आटे घट्ट होण्याच्या दिशेनेच टेफ्लॉनची पट्टी गुंडाळा. टाकी भरून वाहत असेल तर बॉल कॉकचा गोळा पाहा. त्यात पाणी शिरलं असेल तर तो तरंगत नाही आणि पाणी बंद होत नाही.

एका गळतीकडे मात्र कधीच कानाडोळा करू नका. घराकडे येणारा पाईप नालीतून जात असेल आणि तिथेच फुटला असेल, तर नळ गेल्यावर रिकाम्या पाईपात नालीचं पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच आपल्या गुंडात येतं. हगवण आणि कावीळ याच वाटेने घरात शिरते. असा पाईप तात्पुरता बांधून भागत नाही, तो नालीबाहेर उंच घ्यायला ग्रामपंचायतीला लेखी सांगावं.

सगळंच पान्याने सुटत नाही, हेही खरं. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा यवतमाळकरांच्या चांगल्या तोट्याही कोरड्या होत्या. आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या बोअरला फ्लोराईड आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि उकळूनही जात नाही. त्यासाठी पाणी तपासावंच लागतं. मिशनच्या नियमाप्रमाणे गावातल्या पाच बायकांना ही तपासणी शिकवायची असते, आणि पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात.

तेव्हा पुढच्या बचत गटाच्या बैठकीत दोन गोष्टी विचारा. समितीत आपल्यापैकी कोण आहे आणि त्या पाच जणी कोण? आणि गटाच्या पैशातून एक पाना, टेफ्लॉनची पट्टी आणि डझनभर वायसर घेऊन ठेवा. पाणी भरायचं काम पिढ्यान् पिढ्या आपल्याकडेच होतं. त्याची दुरुस्तीही आता आपल्या हाती असू द्या.