कोयता आणि पाटी

पोटासाठी गाव सोडणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. परंतु गाव सोडताना घरातील कोण जातो आणि कोण मागे राहतो, यावरच त्या घरातील मुलांच्या शाळेचे काय होणार हे बहुतांशी ठरत आले आहे, असे जुना इतिहास वाचताना मला वाटू लागले. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घेण्याचे मी ठरविले. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात उसाच्या फडाकडेने ज्या कोप्या उभ्या राहतात, त्यांतील मुले आपण सर्वजणी दरसाल पाहतोच. ती कोठून येतात आणि त्यांची शाळा कोठे असते, हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी कोकणाकडे पाहू. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागचा सारा भाग गिरण्यांनी भरून गेला. गिरणीत कामाला लागलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता. पण जात असे तो पुरुष, आणि बहुधा एकटाच. एकेका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत, खाणावळवालीकडे जेवत आणि महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवीत. बायको, सासूसासरे आणि मुले घरीच राहत. त्या घरधनिणीच्या अंगावर शेती, गुरे, म्हातारी माणसे असा सगळाच भार पडे. तेव्हा बाप परगावी असलेले घर सुखाचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण मुलांच्या दृष्टीने एक गोष्ट टिकली: शाळा सुटली नाही. मनीऑर्डरीतून पाटीपुस्तकाचा खर्च निघे आणि पोरगा सातवीपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या ‘फायनल’पर्यंत, गावच्या शाळेत जाऊ शके. त्यानंतर त्याची रवानगीही मुंबईलाच होई, हा भाग वेगळा. मुलींना मात्र ही शाळा फारशी वाट्याला आली नाही. त्याचे कारण घरातच होते, मुंबईत नव्हते.

आता देशावर येऊ. सरकारने १९३२ साली साखरधंद्याला संरक्षण दिले आणि माळीनगर, वालचंदनगर असे कारखाने उभे राहिले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला व १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. त्याचा कित्ता कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्यांनी गिरविला. आपल्या भागाला बरे दिवस आले ते यामुळेच. पण ऊस तोडावयाचा कोणी? बागायती गावात वर्षभर काम असलेला मजूर या कामाला पुरेना. मग नगर-नाशिककडील कोरडवाहू गावांतून टोळ्या येऊ लागल्या. आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून, आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, धारूर या बाजूने, तसेच शेजारच्या पाथर्डीतून माणसांची रीघ लागली. तिकडे एकच कोरडवाहू पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. खरीप हाती आले की मे महिन्यापर्यंत रानात काम नाही. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात, आणि हंगामात घर सोडणाऱ्यांचा अंदाज दहा लाखांच्या वर सांगितला जातो.

येथे मुख्य फरक पडला. गिरणीने मजुरी दिली ती एका माणसाला. ऊसतोडीची मजुरी ठरली ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, ती कोयत्यावर देतो. हल्ली ती पन्नास हजारांपासून लाखाच्याही पुढे जाते. एकट्या पुरुषाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. गडी तोडतो, बाई मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एकावाचून दुसऱ्याचे काम होत नाही. एक दिवस चुकला तर ‘खाडा’ धरतात आणि त्याचे पैसे उचलीत चढतात. पोराला ताप आला म्हणून आईला कोपीत थांबता येत नाही ते यासाठी. तेव्हा कोकणात जी आई मागे राहिली म्हणून घर आणि शाळा टिकली, तीच आई येथे कामाचा निम्मा भाग झाली. आई गेली की मुलेही निघालीच.

निघालेली मुले फडावर रिकामी बसत नाहीत. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला पाचटावर घेऊन बसते, पाणी आणते, संध्याकाळी चूल पेटविते. मुलगा बैलांना वाढे टाकतो, थोडा मोठा झाला की गाडीवर बसतो. ट्रक रात्री-अपरात्री येतो, तोड पहाटे अंधारात सुरू होते. त्या धकाधकीत अभ्यासाला वेळ कोठला? शिवाय दोन्ही वर्षांचा मेळच बसत नाही. शाळा जूनमध्ये भरते, पहिले सत्र दिवाळीला संपते आणि नेमका तेव्हाच हंगाम उघडतो. मूल परत येते ते परीक्षा होऊन गेल्यावर किंवा तोंडावर. दरसाल निम्मे वर्ष बुडते. तिसरीपर्यंत कसेबसे निभावते आणि मग गणित हाताबाहेर जाते. बीडकडील शाळांत पटावर नाव असते, वर्गात मूल नसते.

यात एक दैवदुर्विलास आहे. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या, त्याही बऱ्याचशा उर्दूतून. इकडे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुंबई राज्याने १९४७ साली त्याचा कायदा केला. मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि हळूहळू गावोगाव शाळा पोचल्या. मराठी शाळा दारात आली आणि थोड्याच वर्षांत मूल ऊसगाडीत बसून निघाले. शिक्षणाची ओढ त्या लोकांना नव्हती असे मात्र कोणी समजू नये. भगवानगडाचे भगवानबाबा कीर्तनांतून मुलांना शिकविण्याचा आग्रह धरीत आणि लोक तो मनावर घेत.

पुढे साखरशाळा निघाल्या. कारखान्याच्या परिसरातच हंगामापुरती शाळा भरवावयाची, अशी ही कल्पना. काही कारखान्यांनी व ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी ती मनापासून चालविली. ती कोठे चालली आणि कोठे नाही, हे पाहण्यासारखे आहे. गाडीसेंटरची माणसे बैलगाड्या घेऊन येतात व कारखान्याजवळ एकाच तळावर हंगामभर राहतात. तेथे शाळा जमली, कारण मुले जागेवर होती. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र एक फड संपला की दुसऱ्या गावी जातात; त्यांच्या मुलांमागे शाळा धावू शकली नाही. काही टोळ्या तर बेळगाव-बागलकोटकडे जातात, तेथे शाळाच कानडी.

२००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठविता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते, ही त्यातील तरतूद या मुलांच्या फार उपयोगाची. पण त्यानंतर वेगळ्या साखरशाळा मागे पडल्या. मुलांनी जवळच्या नेहमीच्या शाळेत जावे असे ठरले. कागदावर हे योग्यच आहे. प्रत्यक्षात ती शाळा फडापासून दोन-तीन मैलांवर, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची वर्दळ, आणि नोव्हेंबरात आलेले पोर वर्गात मागच्या रांगेला. त्याची बोली ऐकून आपलीच मुले हसतात, हेही मी ऐकले आहे. घरोघरी याबद्दल मुलांना दोन शब्द सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

दुसरा उपाय मूल गावीच ठेवण्याचा. त्यासाठी सरकारने हंगामी वसतिगृहे काढली. मूल रात्री आजी-आजोबांकडे झोपते, शाळा गावची, आणि दोन वेळचे जेवण वसतिगृहात मिळते. मला हा मार्ग अधिक पटतो, कारण कोकणातल्या मुलांचे जे टिकले होते तेच येथे टिकते. पण मुलगी वयात येऊ लागली की आजीचा धीर सुटतो. आई पाच-सहा महिने दूर, गावात मागे म्हातारी माणसे. मग लग्न उरकून टाकतात. तिकडे नवऱ्यामुलाला तर बायको मिळाली की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. बालविवाहबंदीचा २००६ चा कायदा या हिशेबापुढे पुष्कळदा लंगडा पडतो.

२०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, निम्मी मुलांची आणि निम्मी मुलींची, प्रत्येकी शंभर जागांची. पहिली काही भाड्याच्या इमारतींत उघडली. अशा ठिकाणी राहिलेली मुलगी दुसरे सत्र पुरे करते, परीक्षा देते. आईबाप पट्टा पडल्यावर गावी पोचतात तेव्हा ती पुढच्या इयत्तेत गेलेली असते आणि लग्नसराईचे बरेचसे मुहूर्तही निघून गेलेले असतात.