बजाज–टीव्हीएस पेटंट वाद

मोटरसायकलच्या लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या पेटंटवरून आकुर्डीची (पिंपरी-चिंचवड) बजाज ऑटो आणि तमिळनाडूची टीव्हीएस मोटर यांच्यात 2007 ते 2019 या काळात चाललेला वाद. जाणकार तंत्रज्ञाला सहज सुचेल अशा सुधारणेला पेटंट मिळावे का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता.

बजाजचा अर्ज 16 जुलै 2002 चा, पेटंट क्र. 195904 जुलै 2005 मध्ये मिळाले. 45 ते 70 मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन प्लग लावले की ज्वाला दोन्हीकडून पसरते आणि पातळ मिश्रणही नीट जळते. दुसऱ्या प्लगला वंगणतेलापासून वाचवण्यासाठी बाही बसवली होती. ‘डीटीएस-आय’ नावाने हे तंत्र बजाजच्या पल्सर मोटरसायकलवर आले. टीव्हीएसने ऑगस्ट 2007 मध्ये पेटंट रद्द करण्याचा अर्ज केला. होंडाच्या जुन्या अमेरिकी पेटंटात दोन प्लग आहेतच, मग नवे काय, हा तिचा सवाल होता. विमानांच्या इंजिनांत जोडप्लग कितीतरी आधीपासून होते, त्यामुळे सवाल पोकळ नव्हता. मात्र पल्सरएवढ्या इंजिनात दुसऱ्या प्लगला जागा शोधणे हे वेगळेच काम, हेही मानावे लागते.

बजाजच्या दाव्यावरून टीव्हीएसच्या दोन प्लगच्या 125 सीसी ‘फ्लेम’ मोटरसायकलवर मद्रास उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने 16 फेब्रुवारी 2008 रोजी मनाई आणली. फ्लेममध्ये तीन झडपा होत्या, बजाजच्या इंजिनात दोन. अपिलात 18 मे 2009 रोजी द्विसदस्यीय पीठाने मनाई उठवली. बजाज सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. अशोककुमार गांगुली यांनी 16 सप्टेंबर 2009 रोजी फ्लेमच्या विक्रीला मोकळीक दिली, पण विक्रीचा हिशेब ठेवण्यासाठी रिसीव्हर नेमायला सांगितले आणि मूळ दावा लवकर निकाली काढण्याचा आदेश दिला. पेटंटच्या वैधतेवर त्यांनी मत दिले नाही.

पेटंट मिळाले म्हणजे ते वैध ठरलेच असे भारतीय पेटंट कायदा मानत नाही. कलम 13(4) तसे स्पष्ट सांगते. लेथवर भांडी धरण्याच्या साधनाविषयीच्या 1978 च्या निकालात (बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल) सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ कारखानी सुधारणा पुरेशी नाही असे म्हटले होते. अमेरिकेतही एप्रिल 2007 मध्ये, केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात, मोटारीच्या पेडलला सेन्सर जोडण्याची रचना सहज सुचणारी ठरली. भोसरी-चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत ड्रॉइंग रोज बदलतात. तिथे साधी सुधारणा आणि शोध यांच्यातली रेषा कुठे पडते, हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

वकिलांत हे प्रकरण आज जलद सुनावणीच्या आदेशासाठी उद्धृत होते, प्लगसाठी नाही. दोन्ही कंपन्यांनी 2019 मध्ये तडजोड केली. त्यामुळे दोन प्लगची कल्पना सहज सुचणारी होती की नाही, यावर अंतिम निकाल झालाच नाही. पेटंटची 20 वर्षांची मुदत जुलै 2022 मध्ये संपली.